सहा दिवसांचं पाणी

“बाई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

पुसदच्या कोर्टाची मागची भिंत आणि मुन्सफांच्या क्वार्टरचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक चिंचेचं झाड तेवढं होतं. रत्नप्रभा तेव्हा एकोणीस वर्षांची, अनंत पोटात. तांदूळ निवडता निवडता तिनं नवऱ्याचा तो आवाज ऐकला होता. चढलेला नव्हता, रागावलेला नव्हता. विहिरीत दोर सोडावा तसा सावकाश खाली उतरत गेलेला. साक्षीला उभ्या असलेल्या कुण्या म्हातारीला त्यानं एवढंच विचारलं, आणि पुढे जी शांतता झाली ती चिंचेच्या पानापानावरून टपकत रत्नप्रभेच्या सुपात येऊन पडली. म्हातारी काय म्हणाली ते भिंतीनं कळू दिलं नाही. संध्याकाळी वामनराव पानावर बसले तेव्हा तिनं विचारलं, “काय झालं हो त्या बाईचं?”

“मीठ वाढ,” ते म्हणाले.

तीस वर्षं झाली त्याला. मुन्सफाचे जिल्हा न्यायाधीश झाले, न्यायाधीशाचे पेन्शनर झाले, पुसद सुटलं आणि यवतमाळला घर झालं. पण आज सकाळी चहाचं आधण ठेवताना तो आवाज पुन्हा तिच्या पाठीशी येऊन उभा राहिला. आज नव्या स्लॅबखालचे टेकू काढून तो उघडायचा होता.

बाहेर ओसरीवर अनंत बापाशी बोलत होता. बोलत कसला, उभा होता. एकोणतीस वर्षांचा, सरकारी बांधकाम खात्यातला ओव्हरसियर, वडिलांच्या इमारतीसाठी सहा महिन्यांची बिनपगारी रजा काढलेला; पण दादांसमोर आला की त्याचे हात आपोआप पाठीमागे जात.

“दहा दिवस थांबू, दादा.”

“कारण?”

“कारण असं नाही. वरच्या अंगाला बारीक रेघा दिसून राहिल्या आहेत. केसासारख्या.”

“पाणी नीट मारलं होतं?”

“पाण्यावरची भुरीबाई म्हणते, रोज मारलं.”

“आज एकविसावा दिवस. एकवीस हा आकडा तुझा की माझा?”

“माझाच.”

“मग?”

“मनात येतंय एवढंच.”

“मनात येणं हा पुरावा नाही, अनंत.” वामनरावांनी लांब कोटाची वरची गुंडी लावली. उन्हाळा असो की शिमगा, कोटाशिवाय ते आवारात जात नसत. “कुलगुरू येत्या सोमवारी येताहेत. त्यानंतर पावसाळा. आणि एक सांगतो. आज दोन खुर्च्या घे टांग्यात. छत तू बांधलंस, तू माझ्या शेजारी बसायचंस.”

स्वयंपाकघरात अनंतच्या बायकोच्या, पद्मजेच्या, हातातली बशी ओट्यावर आपटली.

गावाबाहेरच्या माळावर विद्यापीठाचं नवं आवार उभं राहत होतं, त्याला आता चार वर्षं होत आली होती. त्यातलं वसतिगृह वामनरावांनी दिलं, प्रयोगशाळा त्यांनीच दिली, आणि आता हे ग्रंथालय. बाभुळगावचं वडिलोपार्जित शेत त्यात गेलं, नागपूरचा प्लॉट गेला. नावाची पाटी मात्र एकाही भिंतीवर लावू दिली नाही. गावात लोक हसून म्हणत, ‘जजसाहेबानं जन्मभर लोकायले आत घातलं, आता पोरायले आत घालाले इमारती बांधून राह्यले.’ ते कानावर आलं तेव्हा वामनरावही हसले होते. अलीकडच्या काळात ते हसल्याचं घरात कुणाला आठवत असेल तर तेवढंच.

आणि त्यांचा एक नेम होता. स्लॅबखालच्या टेकूच्या बल्ल्या काढायच्या दिवशी, छताखाली बरोबर मध्यावर खुर्ची टाकून ते बसत. बल्ल्या एकेक निघत, आणि शेवटची निघेपर्यंत ते वर बघतही नसत. दोन्ही इमारतींना तसेच बसले. ‘दुसऱ्यांच्या मुलांच्या डोक्यावर जे ठेवायचं, ते आधी माझ्या डोक्यावर.’ तेव्हा रत्नप्रभेला त्याचा अभिमान वाटला होता. बायकांच्या हळदीकुंकवाला तिनं ते सांगितलंही होतं.

“आई,” पद्मजा कुजबुजली. “आता सांगा.”

रत्नप्रभेनं सुनेकडे पाहिलं. “चार दिवसांपूर्वी मी सांगायला निघाले, तर माझा पदर कोणी धरला होता?”

“तेव्हा मला काय माहीत, हे पण खाली बसणार! मला वाटलं, ह्यांची नोकरी जाईल. ह्यांच्या सहीचा कागद आहे तिथं.”

“आणि मी बसू देणार होते का गं तुझ्या सासऱ्यांना? रोज ठरवत होते, उद्या सांगीन. उद्या सांगीन.”

“सांगा ना मग. आत्ता. चहा घेऊन जा आणि सांगा.”

“तू चल.”

“मी? मी सांगितलं तर सून चहाडी करते असं होईल. तुम्ही सांगा.”

“माझी जीभ नाही वळत गं त्यांच्यासमोर. तीस वर्षांत एकदा वळली असेल तर शपथ.”

दोघी चहाच्या भांड्याकडे बघत राहिल्या. चहा उतू गेला.

*

ते सहा दिवस असे झाले होते.

स्लॅब पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी वामनराव आणि अनंत विद्यापीठाच्या बैठकीला नागपूरला गेले. तिथं वामनरावांना ऊन लागलं, ताप चढला, आणि दोन दिवसांचे आठ दिवस झाले. मिस्त्री तर स्लॅब झाला की आठवडाभर गावी जाणारच, ते ठरलेलं. मागे राहिली रत्नप्रभा. छतावर मातीची आळी बांधून ठेवली होती; त्यांत दिवसातून तीनदा पाणी भरायचं. जवळच्या बंजारा तांड्यावरच्या अकरा बायका आवारातल्या विहिरीतून घागरी भरत, शिडी चढत, आणि चढताना गात. दुसऱ्या दिवशी दुपारी रत्नप्रभा गुळाची ढेप घेऊन तिथं गेली, तर गाणं कानावर आलं:

डोईवर घागर बाई, चढते मी शिडी,
छताले पाजते पाणी, घरी कोरडी हंडी.

तिला पाहून बायका गप्प झाल्या. त्या गप्प होण्यानंच ती थांबली. नाहीतर गूळ देऊन परतली असती.

“भुरीबाई, काय म्हणत होतात गं?”

“काई नाही, बाई. उगंच आपलं.”

मग हळूहळू निघालं. तांड्याची विहीर आटली होती. तळाला चिखल, त्यात बेडूक. चार लेकरं हगवणीनं निजली होती, जमनाबाईचा नातू तर डोळे उघडत नव्हता. गडीमाणसं विहीर खोदून राहिली होती, झरा लागला तर लागला. आणि आवारातली ही विहीर दिवसाकाठी जेवढं पाणी देई, तेवढं छत पिऊन टाकी.

रत्नप्रभेला सिमेंटमधलं काय कळत होतं? छतावर ती चालून आली होती. पायाखाली दगडासारखं टणक लागलं. जे इतकं टणक झालं त्याला आणखी पाणी कशाला? घट्ट झालेल्या वडीवर कुणी पाक ओततं का?

“आजपासून छताला नको,” ती म्हणाली. “तांड्यावर न्या.”

भुरीबाई बघतच राहिली. “साहेब?”

“साहेब इथं नाहीत. मी आहे.”

हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. ह्या घरातून दोन इमारती दिल्या गेल्या, शेत दिलं गेलं. तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. दिलं ते त्यांनी. नमस्कार मात्र तिलाही मिळे. आज पहिल्यांदा तिनं काही दिलं होतं, आणि ते घागरीतून हिंदकळत माळावरून चाललं होतं, आणि ते बघताना तिला बाळंतपणानंतरच्या पहिल्या अंघोळीसारखं हलकं वाटलं होतं.

सातव्या दिवशी तांड्याच्या विहिरीला झरा लागला. जमनाबाईचा नातू उठून बसला. त्याच दिवशी तार आली, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे रत्नप्रभेनं भुरीबाईला बोलावून छतावरची आळी काठोकाठ भरून घेतली. वामनराव स्टेशनवरून थेट आवारात गेले, ते भरलेलं पाणी बघितलं, आणि म्हणाले, “छान.” शेजारी ती उभी होती. तेव्हाच सांगता आलं असतं. पण त्यांनी ‘छान’ म्हटलं होतं.

नंतर एकदा जेवताना अनंत सहज पद्मजेला सांगत होता, पहिल्या आठवड्यात ह्या उन्हात पाणी चुकलं तर स्लॅब मेला म्हणून समज. वरून दगड, आतून भाकरी. रत्नप्रभेच्या हातातला भाताचा घास ताटात परत पडला. त्या दिवसापासून ती नीट जेवली नव्हती; शेवटी सगळं तिनं एकट्या पद्मजेला सांगितलं.

*

टांग्यात पुढे अनंत आणि दोन खुर्च्या, मागे तिघं. सकाळचे आठ वाजले होते तरी रस्त्यावरचा फुफाटा तापायला लागला होता.

“अहो,” रत्नप्रभा म्हणाली.

वामनरावांनी मान वळवली.

“आज नको.”

“काय नको?”

“आजचा दिवस… माझा डावा डोळा लवतोय सकाळपासून.”

“डावा डोळा बायकांचा शुभ असतो ना?” ते म्हणाले. “की उजवा?”

पद्मजेनं सासूच्या पाठीत बोट खुपसलं. रत्नप्रभेनं तोंड उघडलं. घोड्याच्या टापा, चाकाची कुरकुर, आणि मधे ते वाट बघत असलेले डोळे. शांत. कुणी काही सांगणार असेल तर संपूर्ण ऐकून घेतील असे. तिला चिंचेचं झाड दिसलं.

“उजवाच असेल,” ती म्हणाली.

वामनराव पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. “सकाळी अनंत, आता तू. घरात काही खलबत चाललंय का, सूनबाई?”

“नाही, मामंजी,” पद्मजा म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की अनंतनं पुढून मागे वळून पाहिलं. त्यानं बायकोचा चेहरा पाहिला, मग आईचा. त्याच्या मनातल्या केसासारख्या रेघा जरा रुंद झाल्या. पण विचारायचं तर दादांच्या देखत विचारावं लागलं असतं. तो पुन्हा समोर तोंड करून बसला.

*

ग्रंथालयाच्या पायऱ्यांशी भुरीबाई आपल्या लेकाची वाट अडवून उभी होती.

“तू नको जाऊ आत. पोटात दुखते म्हन.”

“याडी, बाजूले सर,” लालसिंग हातोडा खांद्यावर घेत आईला म्हणाला. पंचविशीचा, तांड्यावरचा पहिला गडी ज्यानं सेंट्रिंगचं काम उचललं. वसतिगृहाच्या आणि प्रयोगशाळेच्या बल्ल्या त्यानंच काढल्या होत्या. “मी नाही गेलो तं साहेब इचारतीन, काहून नाही गेला? मंग काय सांगू?”

“तुले माहीत हाय ना, ह्या छतानं पाणी नाही पेलं ते?”

“म्याच तं पेलो ते पाणी. सहा दिवस हिरीत खोदत होतो, कोनाचं पेलो?” तो हसला, पण ओठ कोरडे होते. “बाईनं सांगतलं होतं ना तुले, कोनाले सांगू नको म्हनून?”

“सांगतलं होतं.”

“तू जबान देल्ली?”

“देल्ली.”

“मंग कायले रडून राह्यली? चाल, सर.”

ती सरली नाही. त्यानं तिच्या बाजूनं वळसा घातला. दारातून आत जाताना त्यानं चौकटीला हात लावला आणि तो हात कपाळाला. आधीच्या दोन्ही इमारतींच्या वेळी त्यानं असं केलेलं भुरीबाईनं पाहिलं नव्हतं.

आत बल्ल्यांचं जंगल होतं. रांगेनं उभ्या, पायाशी लाकडी पाचरी ठोकलेल्या. मधल्या दोन बल्ल्यांच्या मधोमध दोन वेताच्या खुर्च्या. वामनराव बसले, काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. अनंत बसला. त्यानं वर पाहिलं. फळ्यांमुळे छत दिसत नव्हतं, आणि दिसत नव्हतं हेच बरं, असं त्याला वाटलं.

“वर बघू नकोस,” वामनराव हलक्या आवाजात म्हणाले. “लालसिंगाचा धीर जातो.”

नारळ फुटला. गूळ दारातून वाटला गेला. कुणी तोंडात टाकला नाही. रत्नप्रभा आणि पद्मजा उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, त्यांच्या मागं तांड्यावरच्या बायका. अकरा बायका इतक्या गप्प असलेल्या अनंतनं कधी पाहिल्या नव्हत्या.

लालसिंगानं मधल्या रांगेतली पहिली पाचर ठोकली. बल्ली सैल झाली, कलली, जमिनीवर धप्पकन पडली. वरून काहीतरी कुरकुरलं. उन्हात वाळत घातलेल्या पापडावर बोट पडावं तसं.

“फळी असेल,” अनंत म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

दुसरी बल्ली. वामनरावांच्या कोटाच्या खांद्यावर चिमूटभर राखाडी भुगा पडला. त्यांनी तो बोटानं झटकला. मग पुन्हा पडला. ह्या वेळी त्यांनी झटकला नाही, नुसता बघितला. आणि रत्नप्रभेनं पाहिलं: काठीवरची त्यांची बोटं पांढरी झाली होती. ते भीत होते. ह्या माणसाला भीती वाटते, हे तिला आज कळत होतं. भीत होते, आणि तरी बसले होते, कारण इतके लोक बघत होते आणि नेम त्यांचा होता.

लालसिंग तिसऱ्या बल्लीपाशी गेला. हातोडा उचलला. खाली आणला, पुन्हा उचलला.

“थांब!”

सगळ्यांनी वळून पाहिलं. रत्नप्रभा उंबरा ओलांडून आत आली होती. बल्ल्यांना धरत धरत, आंधळ्यासारखी.

“बाहेर जा,” वामनराव म्हणाले.

“तुम्ही… तुम्ही दोघं उठा. लालसिंग, ठेव तो हातोडा.”

“काय झालं?”

“छताला पाणी…” तिनं जवळची बल्ली धरली. “पाणी नाही मिळालं ह्याला. पहिले सहा दिवस.”

अनंत उभा राहिला, त्याची खुर्ची मागं उलटली. “कोण म्हणतं? भुरीबाई तर—”

“म्या!” दारातून भुरीबाई ओरडली. पदर खोचून ती पुढं आली. “म्या बंद केलतं पाणी, साहेब. आमच्या हिरीले पाणी नव्हतं, म्या इथलं नेलं. कोनाले न इचारता नेलं. तुमाले रोज लबाड बोलली. आता बाहेर या, साहेब. माह्या लेकाले बाहेर काढा.”

पुढचं फार भराभर झालं. अनंतनं बापाच्या दंडाला धरलं, आयुष्यात पहिल्यांदा. काढलेल्या दोन बल्ल्या लालसिंगानं आणि त्यानं मिळून पुन्हा उभ्या केल्या, पाचरी ठोकल्या. रत्नप्रभेला पद्मजेनं ओढून बाहेर आणलं. मग सगळे उन्हात होते. सगळे. रत्नप्रभेनं एकेकाकडे बघून घेतलं: अनंत, लालसिंग, ते. कोट भुग्यानं माखलेला, पण चालताहेत. छातीतलं इतक्या दिवसांचं ओझं एकदम सुटलं, आणि तिचं रडू फुटायच्या बेतात आलं.

पद्मजा तिच्या कानाशी लागली. “झालं, आई. सुटलो. आता काही बोलू नका. ती सांगतेय ना, सांगू द्या.”

खरंच होतं. सगळे वाचले होते. आता तिचं नाव यायचं कारण उरलं नव्हतं.

वामनराव पायरीवर उभे राहिले. रुमालानं त्यांनी तोंड पुसलं, घडी घालून रुमाल खिशात ठेवला.

“किती दिवस?”

“सहा, साहेब.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

“कोनाच्याच नाही.”

“आणि तुझ्या मुलाला हे ठाऊक होतं?”

लालसिंग म्हणाला, “होतं, साहेब.”

“तरी आत आलास.”

“आलो.”

“आणि मला आत बसू दिलंस.”

लालसिंगानं मान खाली घातली. वामनरावांनी बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि त्यांचा आवाज सावकाश खाली उतरू लागला.

“ह्या आवारात उद्या तीनशे मुलं बसली असती. तुम्हाला तहान होती. मागितलं असतं तर मी दिलं असतं. तुम्ही चोरलं, आणि चोरीवर खोटं रचलंत. आजपासून तांड्यातलं एकही माणूस ह्या आवारात पाय ठेवणार नाही. लालसिंगसुद्धा. अनंत, टांगा आण.”

घोळक्यात कुणी हुंदका दिला. जमनाबाई होती; नातू कडेवर. लालसिंगानं हातोडा पायरीवर ठेवला, अगदी हळू, आवाज न होऊ देता. भुरीबाईनं वर पाहिलंच नाही. रत्नप्रभेकडे तर चुकूनही नाही. दिलेली जबान ती तशी दोन्ही हातांनी झाकून उभी होती.

वामनराव टांग्याकडे निघाले. दोन पावलं, तीन.

“अहो.”

ते थांबले नाहीत.

“वामनराव.”

नवऱ्याचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यानंतर घेतलं नव्हतं. अनंत जागच्या जागी उभा राहिला. वामनराव वळले.

पद्मजेच्या हातातून आपला हात सोडवून घेत रत्नप्रभा भुरीबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. उन्हात दोघींच्या सावल्या शेजारी शेजारी पडल्या होत्या.

“तिनं नेलं नाही,” ती म्हणाली. आवाज कापत होता, तिनं कापू दिला. “मी दिलं. मी स्वतः इथं उभी राहून सांगितलं, छताला नको, तांड्यावर न्या. तुम्ही आलात त्या पहाटे आळी भरायला लावली तीही मीच. कोणाला सांगू नका म्हणून ह्या सगळ्यांची तोंडं बांधली तीही मी. तुम्ही ‘छान’ म्हणालात आणि मी गप्प राहिले. मला तुमची भीती वाटत होती. स्लॅबची वाटली त्याच्या किती तरी आधीपासून. ही बाई खोटं बोलतेय, आणि माझ्यासाठी बोलतेय. जे काय सुनवायचं असेल, ते मला सुनवा.”